पाठचे भावंड येणार असताना मत्सराची चित्रपुस्तके वाचून दाखवावीत का?

शब्दवेल (प्रश्न)

नमस्कार. माझी मुलगी चार वर्षांची आहे आणि साधारण तीन महिन्यांनी तिच्या पाठीवर भावंड येणार आहे. ही बातमी सांगितल्यापासून ती आनंदात आहे. माझ्या पोटाला कान लावून बाळाशी बोलते, आपली कोणती खेळणी बाळाला द्यायची आणि कोणती अजिबात द्यायची नाहीत हे रोज नव्याने ठरवते. तिच्या मनाची आधीपासून तयारी व्हावी म्हणून मी नवे बाळ आणि थोरले भावंड या विषयावरची आठ-दहा चित्रपुस्तके जमवली आणि रोज रात्री एक याप्रमाणे वाचायला सुरुवात केली.

तिसऱ्या की चौथ्या रात्रीच अडचण उभी राहिली. त्या पुस्तकातला मुलगा घरात आलेल्या बाळावर चिडतो, त्याला परत देऊन या असे आईला सांगतो, दोन-तीन पाने धुसफुसतो आणि शेवटच्या पानावर त्याचे मन वळते. मुलीने सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि मग विचारले, “त्या दादाला बाळ का नाही आवडत? मला पण नाही आवडणार का?” मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली, परंतु तो प्रश्न माझ्या मनातून जात नाही. जी भावना तिच्या मनात आलेलीच नव्हती, ती मीच पुस्तकातून तिच्यापुढे आणून ठेवली का, अशी रुखरुख लागून राहिली आहे.

माझ्याकडची उरलेली पुस्तके अगदी उलट टोकाची आहेत. त्यांतली ताई बाळाचे दुपटे आणून देते, पाळणा हलवते, अंगाई म्हणते आणि एकदाही तिच्या कपाळावर आठी उमटत नाही. ती वाचताना मलाच अवघडल्यासारखे होते, कारण उद्या माझ्या मुलीला राग आलाच, तर पुस्तकातल्या ताईच्या शेजारी स्वतःला उभे करून ती स्वतःलाच वाईट ठरवेल, ही शक्यता मला पहिल्या भीतीपेक्षा लहान वाटत नाही.

आणखी एक गोष्ट नमूद करते, तिचा या प्रश्नाशी किती संबंध आहे हे मला ठरवता येत नाही. आई बाळाला मांडीवर घेऊन बसली आहे असे चित्र आले की मुलगी हमखास थांबते आणि आईचा दुसरा हात कुठे आहे ते बोटाने शोधते. तो हात दिसला नाही, तर ती मला पान उलटू देत नाही.

राग आणि मत्सर दाखवणारी पुस्तके बाळ येण्याआधी वाचावीत की नंतर, मुळात वाचावीत का, आणि वाचायची तर कोणती आणि कशी, याविषयी ज्यांचा अनुभव किंवा अभ्यास आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

पानोपानी

मी बरीच वर्षे एका ग्रंथालयाच्या बालविभागात काम करते आहे. ‘घरात बाळ येणार आहे, एखादे पुस्तक सुचवा’ ही विनंती आमच्याकडे इतक्या वेळा येते की या विषयासाठी आम्ही एक वेगळा कप्पाच ठेवला आहे. त्यामुळे तुमच्या प्रश्नाला माझे उत्तर जरा लांबेल.

तुमची भीती निराधार नाही, हे आधी सांगते. इलिनॉय विद्यापीठातील लॉरी क्रेमर यांनी सहकाऱ्यांबरोबर भावंडांविषयीच्या २६१ बालपुस्तकांचा अभ्यास करून तो १९९९ मध्ये प्रसिद्ध केला. या पुस्तकांत माया आहे तशीच भांडणे, टोमणे आणि दोषारोपही भरपूर आहेत, पण भांडण सुरू झाल्यावर दोघांनी ते कसे मिटवले, हे दाखवणारी पाने मात्र फार थोडी आहेत, असे त्यातून पुढे आले. याच क्रेमर यांनी त्याआधी, १९९७ मध्ये, भावंडांशी कसे खेळावे आणि कसे बोलावे याची कौशल्ये चार ते सहा वर्षांच्या मुलांना प्रत्यक्ष शिकवून पाहिली होती. तुलनेसाठी घेतलेल्या दुसऱ्या गटातल्या मुलांना भावंडांवरची पुस्तके वाचून दाखवली आणि चित्रफिती दाखवल्या. कौशल्ये शिकलेल्या मुलांच्या नात्यात जी सुधारणा दिसली, ती नुसती पुस्तके ऐकलेल्या गटात दिसली नाही. मुलांच्या हातात पुस्तके देण्याचेच काम करणाऱ्या मला हे वाचून वाईट वाटले होते, पण पुस्तके निवडण्याची माझी पद्धत त्यानंतरच बदलली.

माझा निष्कर्ष असा आहे की पुस्तक मुलाच्या मनात मत्सर निर्माण करत नाही, पण मत्सर आला की काय बोलायचे आणि काय करायचे याचा नमुना मात्र नक्की देते. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. केव्हिन हेन्क्स यांचे ‘ज्यूलियस, द बेबी ऑफ द वर्ल्ड’ हे १९९० चे पुस्तक मला अतिशय प्रिय आहे. त्यातली लिली नावाची उंदरी बाळ जन्माला येण्याआधी त्याच्यावर जीव टाकत असते आणि जन्मल्यानंतर मात्र त्याला जगातला सर्वांत मोठा जंतू ठरवून मोकळी होते. पुढे एका चुलत बहिणीने बाळाला नावे ठेवताच हीच लिली तिच्यावर तुटून पडते, आणि तो बदल इतका खरा आहे की वाचणाऱ्या मोठ्या माणसाचाही गळा दाटून येतो. परंतु लिलीने बाळाला दिलेली नावे लहान मुलांना जशीच्या तशी पाठ होतात. म्हणून ज्या मुलाने असे काही अजून मनातही आणलेले नाही, त्याला मी हे पुस्तक देत नाही. ज्याने दोन-चार वेळा बाळाला ‘जा’ म्हणून झाले आहे, त्याला मात्र मी ते आवर्जून देते, कारण आपल्यासारखे वाटणारे आणखी कोणीतरी आहे, हे त्याला त्या घडीला कळण्याची गरज असते.

परत आलेली पुस्तके तपासताना दिसलेली एक गोष्ट सांगते. या कप्प्यातल्या पुस्तकांचे कोणते पान सर्वांत जास्त हाताळले गेले आहे, हे कागदाकडे पाहूनच कळते. रागावलेल्या मुलाचे पान मऊ पडलेले असते, त्याचा खालचा कोपरा दुमडून दुमडून फाटलेला आणि आम्ही चिकटपट्टीने सांधलेला असतो, कधी त्यावर ओल्या बोटांचे डाग असतात. सगळे एकमेकांना मिठी मारतात ते शेवटचे पान त्या मानाने करकरीत राहिलेले असते. मुले त्या मधल्या पानाकडे परत परत जातात. आपण मात्र शेवटचे पान वाचून झाले की पुस्तक संपले असे समजतो.

तुमच्या मुलीने विचारलेला प्रश्न उत्तम आहे, त्याला घाबरू नका. ‘मला पण नाही आवडणार का?’ यावर ‘तुला नक्की आवडणार’ असे वचन देण्यापेक्षा, ‘कधी आवडेल, कधी नाही आवडणार, आणि नाही आवडले तर तू मला येऊन सांग’ एवढे म्हणणे खरे आहे आणि पुरेसेही आहे.

दोन पिल्लांचा बाबा

शब्दवेल ताई, आमच्याकडे धाकटा आला तेव्हा थोरली साडेतीन वर्षांची होती. मी पुस्तकांचा जाणकार नाही, पण आमच्या हातून झालेली एक चूक तुमच्या उपयोगी पडेल असे वाटते.

आम्हीही मत्सराच्या पुस्तकांची आधीच तयारी करून ठेवली होती आणि प्रत्यक्षात अडचण भलतीकडेच आली. थोरलीला खेळायला भावंड हवे होते आणि घरी आले ते दिवसातले बहुतेक तास झोपणारे, उरलेल्या वेळात रडणारे बाळ. नवजात बाळ दिवसाला १४ ते १७ तास झोपते, सुरुवातीला त्याला फूटभराच्या पलीकडचे स्पष्ट दिसत नाही, आणि समोरच्याकडे पाहून ओळखीचे हसायला त्याला सहा ते आठ आठवडे लागतात, यातले काहीच आम्ही तिला सांगितले नव्हते. तिने त्याच्यापुढे रोज आपले ठोकळे नेऊन मांडले, त्याने रोज डोळे मिटून घेतले, आणि आठवड्याभरात ती पार हिरमुसली. तो मत्सर नव्हता, ती निराशा होती, आणि मोठ्यांनी तिला मत्सर हे नाव देऊन टाकले. म्हणून बाळ येण्याआधीच्या महिन्यांत, नवे बाळ कसे दिसते, काय करू शकते आणि काय करू शकत नाही हे सरळ दाखवणारी, शक्यतो छायाचित्रांची पुस्तके वाचावीत असे माझे मत आहे. तिची स्वतःची तान्हेपणाची छायाचित्रे एका वहीत चिकटवली तरी त्याहून चांगले पुस्तक सापडणार नाही.

खरी कुरबुर आमच्याकडे सुरू झाली ती धाकटा रांगू लागल्यावर. तोपर्यंत तो एका जागी होता, आता तो तिच्या मनोऱ्यापर्यंत पोहोचून तो पाडू लागला. रागाची पुस्तके आम्ही तेव्हा बाहेर काढली आणि ती तिला एकदम पटली.

याविषयी शोधत असताना जुडी डन आणि कॅरल केन्ड्रिक यांचे १९८२ चे काम वाचनात आले. त्यांनी केंब्रिज परिसरातील ४० कुटुंबांत दुसरे मूल येण्याच्या आधीपासून जाऊन निरीक्षण केले होते. ज्या आया पहिल्या काही आठवड्यांत थोरल्या मुलाशी बाळाविषयी एक माणूस म्हणून बोलत, त्याला आत्ता काय हवे असेल, तो का रडत असेल असे थोरल्याला विचारत, त्यांच्या घरातली भावंडे वर्षभरानंतरही एकमेकांशी अधिक प्रेमाने वागताना दिसली. हे मी घरी करून पाहिले आहे आणि चित्रपुस्तक हे त्याच्या सरावाचे फार सोयीचे साधन आहे. ‘हे बाळ का रडते आहे असे तुला वाटते?’ हा प्रश्न पानावरच्या बाळाविषयी विचारता येतो आणि दुसऱ्या दिवशी घरातल्या बाळाविषयीही.

रेषा

मी लहान मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रे काढते, त्यामुळे मला तुमच्या प्रश्नातला दुसऱ्या हाताचा भाग सर्वांत महत्त्वाचा वाटला. तुमची मुलगी शब्द ऐकत नाही आहे, ती चित्र वाचते आहे, आणि तिला हवे असलेले उत्तर तिथेच आहे. मांडीवरची जागा गेली हे तिला कळले आहे. आता आपल्यासाठी एक हात तरी मोकळा उरला आहे का, एवढेच ती तपासते आहे.

मजकूर कितीही समजूतदार असला तरी चित्र वेगळेच बोलत असेल, तर मूल चित्रावर विश्वास ठेवते. बाळ आल्यावरच्या पानांत आईची नजर सतत खाली, बाळाकडेच असेल, थोरले मूल पानाच्या कडेला, दाराच्या चौकटीत उभे असेल, आणि खाली ‘आईचे तुझ्यावर तितकेच प्रेम आहे’ असे छापलेले असेल, तर ते वाक्य खोटे पडते. विकत घेण्याआधी पुस्तक एकदा मजकूर झाकून पाहा. आईवडील थोरल्याकडे किती पानांवर पाहतात, त्याच्या उंचीला खाली बसून बोलतात की उभ्यानेच, त्याला पानाच्या मध्यावर किती वेळा जागा मिळते, एवढे मोजले तरी पुस्तक कोणाच्या बाजूचे आहे ते समजते.

या दृष्टीने मी नेहमी परत जाते ते एझरा जॅक कीट्स यांच्या ‘पीटर्स चेअर’ या १९६७ च्या पुस्तकाकडे. कीट्स रंगांबरोबर कागदाचे आणि नक्षीचे तुकडे चिकटवून चित्र बांधत, त्यामुळे त्या घराच्या भिंती, पडदे आणि कपडे यांना स्पर्श असल्यासारखा भास होतो. पीटरने टाच उंचावून ठोकळ्यांचा मनोरा उभा केला आहे, तो कोसळतो आणि आई हळू आवाजात खेळायला सांगते, कारण घरात तान्ही बहीण आहे. मग त्याला दिसते की त्याच्या सगळ्या जुन्या वस्तूंना बहिणीसाठी गुलाबी रंग दिला जातो आहे. पाळणा रंगवून झाला आहे, उंच खुर्ची रंगवणे चालू आहे. निळी राहिली आहे ती फक्त त्याची छोटी खुर्ची. ती उचलून, आपला कुत्रा आणि स्वतःचा तान्हेपणीचा फोटो बरोबर घेऊन तो घर सोडून निघतो आणि थेट घराच्या दाराबाहेर जाऊन थांबतो. तिथे खुर्चीत बसायला जातो, तर त्यात मावत नाही.

मला या पुस्तकाचा मोठेपणा इथे दिसतो. ‘तू आता मोठा झालास’ हे त्याला कोणीही सांगत नाही, ते त्या खुर्चीने त्याला सांगितले. तो घरात येतो, मोठ्या माणसांच्या खुर्चीत बसतो, वडील त्याच्या शेजारी बसलेले असतात, आणि छोटी खुर्ची बहिणीसाठी रंगवू या असे तो स्वतः सुचवतो. मध्ये एक खोडीही आहे. पडद्याखाली त्याचे बूट दिसतात म्हणून आईला वाटते तो तिथे लपला आहे, आणि तो असतो भलत्याच ठिकाणी. रुसलेल्या मुलाची अब्रू राखून त्याला परत कसे आणावे, हे मला वाटते त्या एका खोडीने साधले आहे. तो हरून परत येत नाही, आईला चकवून, हसत परत येतो.

तुमच्या मुलीला हे पुस्तक बाळ येण्याआधीही चालेल, कारण यात बाळाविषयी एकही वाईट शब्द नाही. पीटरचे भांडण आहे ते वस्तूंवरून, आणि त्या वस्तू त्याला न विचारता दिल्या गेल्या त्यावरून.

थोरली

मी चार भावंडांत सर्वांत मोठी आहे आणि आता माझी मुलेही मोठी झाली आहेत. वरची तिन्ही उत्तरे मन लावून वाचली. पानोपानी यांच्या एका मुद्द्याशी मात्र मी सहमत होऊ शकत नाही.

वाईट शब्द मुलांना पाठ होतात म्हणून ते पुस्तक थांबवून ठेवावे, हे मला पटत नाही. माझ्या लहानपणी घरात पुस्तके होती आणि त्यांतल्या सगळ्या थोरल्या बहिणी गुणी होत्या. माझ्या मनात धाकट्यांविषयी जे येत असे त्याला कोणत्याच पानावर जागा नव्हती, आणि त्यामुळे असे फक्त मलाच वाटते अशी माझी कित्येक वर्षे खात्री होती. शब्द मिळाला नाही म्हणून राग गेला नाही, तो चिमटे काढण्यातून बाहेर पडला. मुलाने पुस्तकातला एखादा वाईट शब्द उचलला तर तो निदान ऐकू येतो आणि त्यावर बोलता येते.

या बाबतीत मॉरिस सेंडॅक यांचे ‘आउटसाइड ओव्हर देअर’ हे १९८१ चे पुस्तक मला सर्वांत प्रामाणिक वाटते. वडील समुद्रावर गेले आहेत, आई खिन्न बसली आहे आणि तान्ह्या बहिणीला सांभाळण्याचे काम इडावर येऊन पडले आहे. ती आपले शिंग वाजवते, बाळासाठीच वाजवते, पण तिचे लक्ष बाळाकडे नाही, आणि तेवढ्यात पिशाच्चे येऊन बाळाला पळवतात आणि जागेवर बर्फाचे बाळ ठेवून जातात. थोरल्या मुलांच्या मनात क्षणभर येऊन जाणारा ‘हे नसते तर’ हा विचार खरा ठरला तर काय, ही भीती त्या पुस्तकाने उघड्यावर मांडली आहे. सेंडॅक स्वतः घरात धाकटे होते आणि त्यांना सांभाळण्याचे काम मोठ्या बहिणीकडे असे, हे कळल्यावर मला ते पुस्तक अधिकच जवळचे झाले. चार वर्षांच्या मुलीला ते कदाचित भीती घालेल, म्हणून आत्ताच वाचा असे मी म्हणणार नाही. मोठ्यांनी मात्र ते स्वतःसाठी जरूर वाचावे.

तुमच्या मुलीसाठी मी रसेल होबन यांचे ‘अ बेबी सिस्टर फॉर फ्रान्सिस’ सुचवीन. हे १९६४ चे पुस्तक आहे आणि त्याची चित्रे लिलियन होबन यांची आहेत. घरात बाळ आले आहे, फ्रान्सिसच्या निळ्या झग्याला इस्त्री करायची राहून गेली आहे, आणि अशा बारीकसारीक गोष्टी साचत जाऊन एका संध्याकाळी ती घर सोडून जाते, म्हणजे जेवणाच्या टेबलाखाली जाऊन बसते. आईवडील तिला ओढून बाहेर काढत नाहीत आणि रागावतही नाहीत. तिच्याशिवाय घराला घरपण नाही हे ते एकमेकांशी, पण तिला ऐकू जाईल अशा बेताने बोलत राहतात. लक्ष न मिळाल्याचा राग बाळावर काढला जात नाही, तो ज्यांच्यावर आहे त्यांच्यापर्यंतच पोहोचतो, म्हणून मला हे पुस्तक न्यायाचे वाटते.

मेम फॉक्स यांच्या ‘कोआला लू’ मध्ये (१९८८) हीच गोष्ट अधिक बोचरी झाली आहे. एकामागून एक धाकटी येत गेली तशी आईला प्रेमाचे ते नेहमीचे वाक्य म्हणायला वेळ उरला नाही. ते पुन्हा ऐकायला मिळावे म्हणून कोआला लू झाडावर चढण्याच्या स्पर्धेत उतरते आणि दुसरी येते. ती जिंकली असती तर ते पुस्तक मी माझ्या मुलांना कधीच वाचून दाखवले नसते. ती हरते, लपून रडते, अंधार पडल्यावर घरी येते, आणि तिने तोंड उघडण्याआधीच आई तिला कुशीत घेऊन ते वाक्य म्हणते.

एक विनंती मात्र करते. पुस्तक वाचून झाल्यावर ‘बघ, शेवटी त्याला बाळ आवडले की नाही?’ असे विचारू नका. ‘तू आता मोठी’ हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की ते शेवटच्या पानावर छापलेले दिसले तरी आजही मी ते पुस्तक खाली ठेवते. तुमची मुलगी चार वर्षांची आहे आणि बाळ आल्यावरही ती चारच वर्षांची असणार आहे.

पानोपानी

थोरली ताई, तुमचे म्हणणे मला मान्य करावे लागेल. मी पुस्तक ‘देत नाही’ असे लिहिले, त्याऐवजी ‘पहिले पुस्तक म्हणून देत नाही’ असे लिहायला हवे होते. रागाला पानावर जागा हवी, याबद्दल आपल्यात मतभेद नाही. घरात राग अजून आलेलाच नसताना त्याची सुरुवात अपशब्दांच्या पुस्तकाने करावी, की रोझमेरी वेल्स यांच्या १९७३ च्या ‘नॉइझी नोरा’ सारख्या पुस्तकाने करावी, एवढाच माझा प्रश्न आहे. त्यातली मधली बहीण कोणाला वाईट बोलत नाही, फक्त खिडक्या आपटून आणि वस्तू पाडून घर डोक्यावर घेते, आणि ती निघून गेल्यावर पसरलेली शांतता घरातल्यांना सहन होत नाही.

शब्दवेल

सर्वांचे मनापासून आभार. उत्तरे वाचून दोन आठवडे झाले, तेवढ्यात जे घडले ते कळवते.

प्रथम मी माझ्याकडची पुस्तके रेषा यांनी सांगितल्याप्रमाणे मजकुरावर कागद ठेवून पाहिली. दहापैकी सहा पुस्तकांत बाळ आल्यानंतर एकाही पानावर आई थोरल्याकडे पाहत नव्हती. ती सहा मी सध्या वरच्या कप्प्यात ठेवली आहेत. मुलीचा तान्हेपणाचा फोटोसंग्रह वहीत चिकटवला, आणि ‘मी इतकी झोपायची?’ हा प्रश्न आता रोज येतो.

‘पीटर्स चेअर’ आम्ही आतापर्यंत नऊ वेळा वाचले. मी कोणताही प्रश्न विचारायचा नाही असे ठरवले होते. तिसऱ्या वाचनाला, वडील खुर्ची रंगवत आहेत त्या पानावर तिने माझा हात धरून ठेवला आणि म्हणाली, “पीटरला कुणी विचारलंच नाही.” हे वाक्य ऐकून मला आठवले की तिचा जुना पाळणा आम्ही मागच्याच आठवड्यात तिला न विचारता माळ्यावरून उतरवून, धुऊनपुसून ठेवला होता. दुसऱ्या दिवशी आम्ही तिला घेऊन बसलो आणि एकेक वस्तू दाखवून विचारले. पाळणा द्यायला ती लगेच तयार झाली, खुळखुळे तर तिने स्वतःच काढून दिले. एक विटकी चादर मात्र तिने देणार नाही म्हणून सांगितले, जी ती गेली दोन वर्षे वापरत नाही. ती चादर आता तिच्या खणात आहे.

दुसऱ्या हाताविषयी. जमवलेल्या पुस्तकांतल्या एका चित्रात आई बाळाला पाजत बसली आहे आणि तिचा डावा हात पानावर कुठेच दिसत नाही. परवा मुलीने त्या पानावर शिसपेन्सिलीने तो काढला. खांद्यापासून निघून पानाच्या कडेपर्यंत जाणारा, फार लांब, सहा बोटांचा हात आहे, आणि ती बोटे पानाच्या अगदी टोकाला, जिथे तिचा अंगठा पुस्तक धरतो तिथे येऊन थांबतात. मी ते पुसलेले नाही.

एक शंका उरली आहे. दोन पिल्लांचा बाबा यांनी लिहिल्याप्रमाणे बाळ रांगू लागल्यावर आणि पुढे दोघांची खरी भांडणे सुरू झाल्यावर दोघांना एकत्र वाचून दाखवता येईल, असे एखादे पुस्तक आहे का? आतापर्यंत आलेली सगळी पुस्तके थोरल्याच्याच बाजूने लिहिलेली आहेत आणि धाकट्याला ती कशी ऐकवावीत, हे मला समजत नाही.

पानोपानी

रांगणाऱ्या बाळासाठी वेगळे पुस्तक शोधू नका. तेव्हा थोरलीच्या आवडीचेच पुस्तक घ्या, पाने तिला उलटू द्या आणि बाळाला जाड पुठ्ठ्याचे एखादे पुस्तक हातात द्या, म्हणजे ते आपले पुस्तक चावेल आणि तिचे बचावेल.

पुढे धाकटे चार-पाच वर्षांचे आणि थोरली आठ-नऊ वर्षांची झाली की जुडी ब्लूम यांचे ‘द पेन अँड द ग्रेट वन’ (इथे ‘पेन’ म्हणजे डोकेदुखी) वाचा. मूळ मजकूर १९७४ चा आहे आणि आयरीन ट्रिव्हास यांच्या चित्रांसह ते १९८४ मध्ये पुस्तकरूपाने आले. अर्धे पुस्तक आठ वर्षांची बहीण बोलते, अर्धे सहा वर्षांचा भाऊ बोलतो, आणि आईवडिलांचे प्रेम दुसऱ्यावरच जास्त आहे अशी दोघांचीही खात्री असते. आमच्याकडे काही आईवडील त्यातला बहिणीचा भाग थोरल्याकडून आणि भावाचा भाग धाकट्याकडून मोठ्याने वाचून घेतात, आणि पुढच्या खेपेला अदलाबदल करतात. अदलाबदलीच्या वेळी घाई करू नये, कारण दुसऱ्याची तक्रार स्वतःच्या तोंडाने वाचताना मुले मध्येच थांबतात आणि त्यांना तेवढा वेळ हवा असतो.

आणि ते सहा बोटांचे पान जपून ठेवा. बाळ आल्यावर पहिल्या आठवड्यात तेच पुस्तक पुन्हा वाचायला घ्या आणि वाचताना तुमचा डावा हात तिच्या हाताशी येईल असे बसा.